आधी पाच की आधी वीस?

मराठी विभागासाठी लेख दे, असं संपादक मंडळातल्या ताईने सांगितलं तेव्हा मी तिला आधीच बजावलं होतं की माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत माझा काही भरवसा नाही. त्यावर ती म्हणाली, "विषय तुझा, वेलांट्या आमच्या." तेव्हा मित्र-मैत्रिणींनो, या लेखात जे शुद्ध आहे ते तिचं आणि जे चुकलेलं आहे ते माझं. तसाही या लेखाचा विषय चुका हाच आहे. टी. ई. च्या प्रोजेक्टमध्ये मी केलेल्या तीन चुका आणि एक भांडण. यातल्या दोन चुका जवळजवळ प्रत्येक जण करतो असं सर म्हणाले. भांडण मात्र माझं मीच ओढवून घेतलं.

आजोबांचा हिशोब

लहानपणी आजोबा दुधाचा हिशोब सांगायचे आणि मी वहीत लिहायचे. शाळेत मी 'थर्टी एट' शिकले होते, घरात मात्र 'अडतीस' ऐकायला लागायचं. आता अडतीस हा शब्द नीट ऐका. आधी येतो 'अड', म्हणजे आठ, आणि मग 'तीस'. मी बिचारी ऐकू येईल त्या क्रमाने लिहायचे, आधी आठ आणि मग तीन. झाले ८३! महिनाअखेर दूधवाल्याला भलतेच पैसे निघायचे आणि आजोबा कपाळाला हात लावायचे.

आजोबांची चूक नव्हती आणि दूधवाल्याची तर नव्हतीच. मराठीत बोलताना आपण एकक आधी सांगतो, लिहिताना मात्र दशक आधी लिहितो. इंग्रजीत बोलतानाही दशक आधी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पंचवीस' ऐवजी 'वीस पाच' अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा केवढा वाद झाला होता ते आठवत असेल. आधी पाच की आधी वीस? किंमत दोन्हीकडे पंचवीसच. सांगणारा आणि लिहून घेणारा यांचं आधी ठरलेलं नसेल, तरच घोटाळा होतो.

कॉम्प्युटरमध्ये हाच घोटाळा 'बाइट ऑर्डर' या नावाने होतो.

भानगड नेमकी काय आहे?

मेमरी म्हणजे क्रमांक घातलेल्या खोल्यांची रांग समजा, आपल्या हॉस्टेलच्या कॉरिडॉरसारखी. एका खोलीत एकच बाइट राहतो. ३२ बिटांची संख्या म्हणजे चार बाइट, तेव्हा तिला शेजारशेजारच्या चार खोल्या लागतात. प्रश्न असा की पहिल्या खोलीत कोण राहणार? संख्येचं मोठं टोक की लहान टोक?

हेक्झाडेसिमलमध्ये १२३४५६७८ ही संख्या घेऊ. काही प्रोसेसर ती १२, ३४, ५६, ७८ अशी ठेवतात, म्हणजे मोठं टोक आधी. याला बिग एंडियन म्हणतात. काही प्रोसेसर ७८, ५६, ३४, १२ अशी ठेवतात. हे लिटल एंडियन. लक्षात घ्या, बाइटच्या आतले आकडे उलटत नाहीत. ७८ चे ८७ होत नाही, फक्त खोल्यांची अदलाबदल होते. ओरलमध्ये इथेच निम्मे लोक घसरतात.

आपल्या सगळ्यांच्या लॅपटॉपमधले इंटेल आणि एएमडीचे प्रोसेसर लिटल एंडियन आहेत. आयबीएमचे सिस्टिम ३६० पासूनचे मोठे मेनफ्रेम बिग एंडियन, मोटोरोलाचा ६८००० ही बिग एंडियन. मिप्स आणि एआरएम या घराण्यांना दोन्ही जमते. आणि इंटरनेटचे प्रोटोकॉल बिग एंडियन ठरलेले आहेत. म्हणून तर नेटवर्क लॅबमध्ये पोर्ट क्रमांक देताना 'एचटीओएनएस' लिहायला लावतात. आपण ते कशाला म्हणून विचारत नाही, जर्नल पूर्ण करतो आणि मोकळे होतो.

लिटल एंडियन वरवर उलटं वाटतं, पण त्यामागे विचार आहे. आपण कागदावर बेरीज कुठून सुरू करतो? एककापासून! हातचा डावीकडे सरकतो. तेव्हा लहान टोक आधी हातात आलेलं यंत्राला सोयीचंच असतं. उलट, मेमरीतले बाइट माणसाने डोळ्यांनी वाचायचे तर बिग एंडियन सोपं. दोन्ही बाजूंना वकील आहेत.

हे नाव कुठून आलं तेही मजेशीर आहे. जोनाथन स्विफ्टच्या १७२६ सालच्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये उकडलेलं अंडं मोठ्या टोकाकडून फोडायचं की लहान टोकाकडून, यावरून लिलिपुट आणि ब्लेफुस्कू या दोन देशांत युद्ध होतं. डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० रोजी लिहिलेल्या 'ऑन होली वॉर्स अँड अ प्ली फॉर पीस' या टिपणात तेच शब्द कॉम्प्युटरला लावले. तारीख एप्रिल फूलची असली तरी टिपण गंभीर होतं. कोणता क्रम निवडता यापेक्षा सगळ्यांनी एकच क्रम मान्य करणं महत्त्वाचं, असं त्यांचं सांगणं.

यात एक तिसरा पंथही आहे. पीडीपी-११ हे यंत्र १६ बिटांच्या आत लिटल एंडियन होतं, पण ३२ बिटांच्या संख्येचे दोन अर्धे भाग ठेवताना मोठा अर्धा आधी. म्हणजे १२३४५६७८ तिथे ३४, १२, ७८, ५६ अशी बसायची! अमेरिकन लोक तारीख लिहिताना महिना, दिवस, वर्ष लिहितात ना, तसंच. युनिक्स पीडीपी-११ वरून दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेताना 'युनिक्स'ची चार अक्षरं जोडीजोडीने उलटून 'नुक्सी' अशी उमटली, अशी गोष्ट सांगतात. त्यावरून या दुखण्याला 'नुक्सी प्रॉब्लेम' असंच नाव पडलं.

आमचा प्रोजेक्ट

आता माझी कहाणी. मी आणि माझी रूममेट प्रोजेक्ट पार्टनर. विषय होता लिनक्स कर्नलसाठी एक छोटी फाइल सिस्टिम लिहिणे. छोटी म्हणजे अगदीच छोटी: १०२४ बाइटचा एक ब्लॉक, असे १०२४ ब्लॉक, एकूण एक एमबी. कामाची वाटणी अशी की डिस्कची इमेज तयार करणारा प्रोग्राम, ज्याला 'एमकेएफएस' म्हणतात, तो तिने लिहायचा आणि ती इमेज वाचणारं कर्नल मॉड्यूल मी लिहायचं. डिस्कवरच्या सगळ्या संख्या लिटल एंडियन ठेवायच्या, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहिलं होतं. लिहिलं पार्टनरने, मान डोलावली मी.

बहुतेक फाइल सिस्टिममध्ये एक ओळखीची संख्या असते, तिला मॅजिक नंबर म्हणतात. घरच्यांनी एकमेकांना ओळखण्याची खूण समजा. आम्ही देशभक्तीच्या उमाळ्यात १९४७०८१५ ही संख्या घेतली, हेक्झाडेसिमलमध्ये. लॅपटॉपच्या जातीच्या कर्नलवर सगळं झकास चाललं. पहिल्या रिव्ह्यूला सरांनी पाहिलं आणि म्हणाले, "एका जातीच्या यंत्रावर चालते हे दिसलं. आता विरुद्ध जातीच्या यंत्रावर चालवून दाखवा, मग मी तिला फाइल सिस्टिम म्हणेन."

विरुद्ध जातीचं यंत्र म्हणजे बिग एंडियन मिप्स. खरं यंत्र लॅबमध्ये नाही, पण क्यूईमू नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये 'माल्टा' नावाचा मिप्स बोर्ड मिळतो, तोही दोन्ही एंडियनचा. त्यासाठी कर्नल क्रॉस-कंपाइल करावा लागतो. क्रॉस-कंपाइल म्हणजे एका यंत्रावर बसून दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठी कोड तयार करणे. शिंपी पुण्यात, शर्ट घालणारा भाऊ नागपुरात. शिवताना माप कुणाचं घ्यायचं हे विसरलात की संपलं. हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कर्नलच्या कॉन्फिगरेशनमध्ये मिप्स निवडला, बिग एंडियन निवडला, मिप्सचा क्रॉस-कंपायलर बसवला. तयार झालेल्या कर्नलवर 'फाइल' ही कमांड चालवली की ती 'एमएसबी' की 'एलएसबी' ते सांगते. एमएसबी म्हणजे बिग. तिला हे कसं कळतं? ईएलएफ जातीच्या प्रत्येक फाइलचा सहावा बाइट तेच सांगायला ठेवलेला असतो: १ असेल तर लिटल, २ असेल तर बिग. आणि तो एकच बाइट असल्याने त्याला उलटसुलट करता येत नाही. किती साधी युक्ती आहे पाहा! पत्रावर आतल्या मजकुराची भाषा लिहायची, पण ती कुठल्याही भाषेत वाचता येईल अशी.

चूक पहिली: डोळे झाकून उलटापालट

मिप्सवर इमेज माउंट केली आणि माझ्याच मॉड्यूलने मला हाकलून दिलं. मी लिहिलेला संदेश असा आला: हवा होता १९४७०८१५, मिळाला १५०८४७१९.

हे बघून मला आधी हसू आलं. १५-०८-४७ आणि शेवटी १९! तारीख आपोआप भारतीय पद्धतीची झाली होती. कारण सोपं आहे. डिस्कवर लिटल एंडियन क्रमाने १५, ०८, ४७, १९ असे बाइट होते. लॅपटॉपने ते उलटे जोडून बरोबर वाचले. मिप्सने सरळ वाचले.

मला वाटलं, एवढंच ना! वाचल्यावर चारही बाइट उलटे करायचे. कर्नलमध्ये त्यासाठी 'स्वॅब-३२' आहे. लावला. मिप्सवर पळालं! मी खुशीत मेसमध्ये जाऊन दोन वाट्या शिकरण खाल्लं. परत येऊन लॅपटॉपच्या कर्नलवर चालवलं तर तिथे आता तोच संदेश: मिळाला १५०८४७१९. साहजिकच आहे. जे आधी बरोबर वाचलं जात होतं तेही मी उलटं केलं होतं.

इथे पहिला धडा. 'उलटा कर' असं कोडमध्ये कधी लिहू नये. 'डिस्कच्या क्रमातून प्रोसेसरच्या क्रमात आण' असं लिहावं. लिनक्स कर्नलमध्ये त्यासाठी 'एलई-३२-टू-सीपीयू' आणि उलट दिशेला 'सीपीयू-टू-एलई-३२' आहेत. लिटल एंडियन यंत्रावर हे काहीच करत नाहीत, बिग एंडियनवर उलटतात. दोघांची क्रिया एकच, मग नावं दोन कशाला? वाचणाऱ्याला कळावं म्हणून, की ही संख्या आत येते आहे की बाहेर जाते आहे.

पण हे शहाणपण मला तेव्हा नव्हतं. मी दुसरी चूक करायला घेतली.

चूक दुसरी: माप शिंप्याचं घेतलं

मी ठरवलं, यंत्र लिटल असेल तर उलटायचं नाही, बिग असेल तर उलटायचं. यंत्र कुठलं आहे हे ओळखायला मी पाच ओळींचा सी प्रोग्राम लिहिला. एका इंटिजरमध्ये १ ठेवायचा, त्याचा पहिला बाइट बघायचा. १ दिसला तर लिटल, ० दिसला तर बिग. पाठ्यपुस्तकातला प्रोग्राम. तो मी मेकफाइलमध्ये असा बसवला की कंपाइल होण्याआधी तो चालेल आणि त्याच्या उत्तराप्रमाणे कोडचा एक भाग निवडला जाईल. लॅपटॉपवर चाललं. मिप्ससाठी कंपाइल केलं. मिळाला १५०८४७१९.

तुमच्यातल्या हुशार लोकांच्या लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात दोन दिवस आलं नाही. कोड तर बरोबर होता, लॅपटॉपवर चालत होता! म्हणजे इमेजच बदलली असणार. इमेज कोण तयार करतं? पार्टनर. आणि आदल्या रात्री ती एमकेएफएसच्या फाइलमध्ये काहीतरी करताना मला दिसली होती.

खात्री करायला मी इमेजवर 'हेक्सडंप' चालवला. पहिल्याच ओळीत दिसलं: ०८१५ १९४७. हा क्रम ना बिग, ना लिटल! पीडीपीसारखा अर्धवट. माझ्या हातात जणू पुरावाच आला.

भांडण

रात्री साडेनऊला हॉस्टेलचं गेट बंद झालं आणि मी सुरू झाले. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. सोमवारी रिव्ह्यू होता, डोकं तापलेलं होतं, ही कारणं आहेत, सबब नाही. "तुला न विचारता फाइल बदलायची काय गरज होती? इमेजची वाट लावलीस," हे एक वाक्य सांगते. ती शांतपणे म्हणाली, "मी फक्त कॉमेंट्स लिहिल्या. कोड बदलला नाही." मी म्हणाले, "मग हे बाइट आपोआप हलले का?" शेजारच्या दोन खोल्यांना ऐकू गेलं असणार. तिने उशी आणि चादर उचलली आणि वरच्या मजल्यावर मैत्रिणीच्या खोलीत झोपायला गेली. दुसऱ्या रात्रीही तिकडेच. मेसमध्ये समोरासमोर बसलो तरी "मीठ दे" एवढंसुद्धा नाही.

शनिवारी लॅबमध्ये मी एकटीच होते. आमचे लॅबवाले काका कुलूप लावायला आले आणि मी अजून का बसले आहे म्हणून विचारू लागले. काकांना कर्नल-बिर्नल माहीत नाही, पण तीस वर्षं मशिनं बघितलेला माणूस. मी त्यांना सांगितलं की एक छोटा प्रोग्राम यंत्राची जात तपासतो आणि तरी कोड चुकतो. काका म्हणाले, "तपासणी कुठल्या मशिनवर होते?" मी म्हणाले, "या लॅपटॉपवर." "आणि चालवायचं कुठं?" मी गप्प. काका किल्ल्या खुळखुळवत म्हणाले, "पोरी, मुंबईचा पाऊस बघून सोलापूरला छत्री नेलीस की गं!"

माझा तपासणीचा प्रोग्राम लॅपटॉपवर चालत होता आणि प्रामाणिकपणे 'लिटल' असं उत्तर देत होता. ते उत्तर मिप्सच्या कोडला लागत होतं. शर्ट भावाचा, माप शिंप्याचं.

क्रॉस-कंपाइल करतानाचा हा सगळ्यात मोठा सापळा. कंपाइलच्या वेळी चालणारी प्रत्येक गोष्ट यजमान यंत्रावर चालते, पाहुण्या यंत्रावर नाही. यंत्राची जात विचारायची ती क्रॉस-कंपायलरला, कारण आपण कुणासाठी शिवतो आहोत हे त्याला माहीत असतं. जीसीसी स्वतःच बाइट ऑर्डरचं मॅक्रो देतो. अजून एक बारीक खोच: कर्नलच्या आत 'लिटल एंडियन' आणि 'बिग एंडियन' या मॅक्रोंपैकी एकच व्याख्या केलेलं असतं, म्हणून 'आहे का?' एवढं विचारून भागतं. पण साध्या प्रोग्राममध्ये, ग्लिबसीच्या हेडरमध्ये, दोन्ही व्याख्या केलेली असतात आणि तिसऱ्या मॅक्रोशी तुलना करायची असते. कर्नलमधली ओळ तशीच तिकडे चिकटवली तर उत्तर कायम 'हो' येतं!

खुद्द लिनक्सच्या बिल्डमध्येही यजमान यंत्रावर चालणारी काही साधनं पाहुण्याच्या फाइलींत हात घालतात. त्यातलं एक तयार कर्नलमधल्या तक्त्यांची क्रमवारी लावतं. ते आधी ईएलएफचा तो सहावा बाइट वाचतं आणि मग ठरवतं की संख्या कोणत्या क्रमाने वाचायच्या-लिहायच्या. लॅपटॉपला काही विचारतच नाही.

पण मग ०८१५ १९४७ चं काय? तो पुरावा तर माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. पुन्हा नीट पाहिलं आणि लाज वाटली. साधा हेक्सडंप दोन-दोन बाइट एकत्र धरून ते चालू यंत्राच्या क्रमाने छापतो. माझा लॅपटॉप लिटल एंडियन, म्हणून १५, ०८ ची जोडी ०८१५ दिसली आणि ४७, १९ ची १९४७. हेक्सडंपला 'डॅश कॅपिटल सी' दिलं की तो एकेक बाइट जागच्या जागी दाखवतो. दिलं. दिसलं: १५ ०८ ४७ १९. पहिल्या दिवशी वहीत लिहिलं होतं अगदी तसंच. तिच्या कोडमध्ये एक बाइटही चुकलेला नव्हता.

मी वरच्या मजल्यावर गेले. दारात उभं राहून सगळं सांगितलं, हेक्सडंपसकट, आणि सॉरी म्हणाले. इंग्रजीत सॉरी किती पटकन म्हणतो आपण! तेवढ्याने भागलं नाही असं मलाच वाटलं म्हणून मराठीत म्हणाले, "चूक माझी होती. तुझ्यावर उगाच आळ घेतला." ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दोन बाइटचा डंप बघून माणूस ओळखू नकोस." आणि उशी घेऊन खाली आली.

चूक तिसरी: आत येताना पास, बाहेर जाताना नाही

रविवारी दोघी एकत्र बसलो. माझी तपासणी, मेकफाइल सगळं काढून टाकलं, 'एलई-३२-टू-सीपीयू' लावलं. लॅपटॉपवर चाललं, मिप्सवरही चाललं. मिप्सवर एक फाइल तयार केली. रिकामे ब्लॉक ९०१ होते ते ९०० झाले. बरोबर. अनमाउंट केलं, पुन्हा माउंट केलं. रिकामे ब्लॉक: २२१४७८९१२०.

एक एमबीच्या डिस्कवर दोनशे एकवीस कोटी ब्लॉक रिकामे! हॉस्टेलच्या खोल्यांचं असं झालं असतं तर बरं झालं असतं.

या वेळी कुणी कुणाला काही म्हणालं नाही. पार्टनर म्हणाली, "आधीची आणि नंतरची, दोन्ही इमेज ठेव. फरक बघू." दोन्हींचे बाइटवार डंप काढले आणि डिफ लावला. रिकाम्या ब्लॉकच्या जागी आधी होतं ८५ ०३ ०० ००, नंतर ०० ०० ०३ ८४. हेक्झाडेसिमलमध्ये ३८५ म्हणजे आपले ९०१ आणि ३८४ म्हणजे ९००. संख्या बरोबर कमी झाली होती, पण डिस्कवर जाताना बिग एंडियन क्रमाने गेली. वाचताना मी रूपांतर केलं होतं, लिहिताना विसरले होते. चालू असताना आकडा मेमरीतल्या प्रतीतून दिसत होता म्हणून चूक कळली नाही. आणि लॅपटॉपवर तर कळणं शक्यच नव्हतं, कारण तिथे रूपांतर काहीच करत नाही. विसरलं तरी सारखंच.

सापडली खरी, पण अशा अजून किती लपल्या असतील? इथे सरांनी सांगितलेलं एक साधन कामी आलं, 'स्पार्स'. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००३ साली सुरू केलं. कर्नलमध्ये साध्या ३२ बिटी संख्येऐवजी 'एलई-३२' आणि 'बीई-३२' असे वेगळे प्रकार आहेत. कंपायलरला ते सारखेच, पण स्पार्सला वेगळे. डिस्कवरच्या रचनेतली सगळी घरं आम्ही 'एलई-३२' केली आणि 'मेक सी=२' दिलं. जिथे जिथे डिस्कची संख्या रूपांतराशिवाय साध्या संख्येत मिसळली तिथे तिथे इशारा. एकूण सात आले. त्यातले पाच माझ्या कोडमधले खरे बग होते, आणि त्यातला एकही लॅपटॉपवर कधी दिसला नसता. हे साधन पहिल्या दिवशी चालवलं असतं तर उशी वरच्या मजल्यावर गेलीच नसती.

वहीत लिहून ठेवावे असे

पुढच्या वर्षीच्या टी. ई. साठी थोडक्यात सांगते.

१. डिस्कवर किंवा वायरवर जाणाऱ्या प्रत्येक संख्येचा क्रम आधी कागदावर ठरवा. कोणता ते महत्त्वाचं नाही, एकच हवा.

२. रूपांतर सीमेवरच करा. आत येताना एकदा, बाहेर जाताना एकदा. मधल्या कोडमध्ये फक्त प्रोसेसरचा क्रम.

३. फाइलची नावं, अक्षरांच्या माळा यांना हात लावू नका. एकेक बाइटच्या गोष्टींना उलटं-सुलटं नसतं.

४. इंटिजरचा पत्ता कॅरेक्टर पॉइंटरमध्ये घालून पहिला बाइट वाचू नका. ७ ही संख्या लिटल एंडियनवर पहिल्या बाइटमध्ये ७ दाखवेल, बिग एंडियनवर ०.

५. बिटफील्डपासून सावध. बाइटच्या आतली घरं कोणत्या बाजूने भरायची हे कंपायलर ठरवतो. लिनक्समध्ये आयपी हेडरची व्हर्जन आणि लांबी ही दोन घरं याच कारणाने दोन वेगळ्या क्रमांनी लिहून ठेवलेली आहेत.

६. विचित्र आकडा दिसला तर हेक्झाडेसिमलमध्ये बघा. १ च्या जागी १६७७७२१६ किंवा १०२४ च्या जागी २६२१४४ दिसले तर बाइट उलटले आहेत हे पक्कं समजा.

७. डंप बाइटवार बघा, आणि आरोप करण्याआधी दोनदा बघा.

कुणी विचारेल, आता बिग एंडियन उरलंय कुठे? प्रश्न रास्त आहे. २०२५ साली रिस्क-व्ही या नव्या घराण्यासाठी बिग एंडियनचा आधार लिनक्समध्ये घ्यायची गोष्ट निघाली तेव्हा टोरवाल्ड्स यांनी ठणकावून नकार दिला. तरीही आयबीएमच्या मेनफ्रेमवर आजही बिग एंडियन लिनक्स चालतं, आणि इंटरनेटवरचं प्रत्येक पॅकेट बिग एंडियन हेडर घेऊनच फिरतं. शिवाय विरुद्ध जातीच्या यंत्रावर चालवल्याने आपल्या कोडमधल्या लपलेल्या समजुती उघड्या पडतात. लॅपटॉपवर 'बरोबर' चाललेला माझा कोड बरोबर नव्हताच, त्याला फक्त कुणी विरोध केला नव्हता.

सोमवारी रिव्ह्यू झाला. लॅपटॉपवर तयार केलेली इमेज मिप्सवर माउंट केली, त्यावर फाइल लिहिली, परत लॅपटॉपवर आणून वाचली. सर म्हणाले, "आता ही फाइल सिस्टिम." मार्कांचं नंतर बघू.

सुट्टीत घरी गेले तेव्हा आजोबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मशिनलासुद्धा अडतीस कळत नाही होय? बरं झालं, मला वाटायचं तूच एकटी."

असो. दूधवाल्याचा हिशोब अजून मीच लिहिते. पण आता लिहून झाल्यावर आजोबांना आकडा वाचून दाखवते. आत येताना एकदा, बाहेर जाताना एकदा.